टिपेचा सूर

परवा नातवाने दिवाणखान्यात एक गाणे लावले. मी आतूनच विचारले, "कोण रे ही बाई? गळा मोठा निर्मळ आहे!" कार्टे हसत सुटले. "आजोबा, बाई नाही, बाप्या आहे!"

हँडेलच्या १७२४ सालच्या ऑपेरातला ज्यूलियस सीझर गात होता. रोमचा सेनापती, आणि आवाज हा असा! अशा गवयाला तिकडे काउंटरटेनर म्हणतात. बोलताना आवाज चारचौघांसारखा. गाताना मात्र स्वरपडद्यांचे नुसते काठ थरथरवायचे. हँडेलने ही भूमिका लिहिली सेनेसिनोसाठी, म्हणजे लहानपणीच खच्ची केलेल्या गवयासाठी. ती अघोरी चाल सुदैवाने गेली, भूमिका राहिल्या. पुढे १९६० साली ब्रिटनने आल्फ्रेड डेलरसाठी ओबेरॉन रचला, १९८४ साली फिलिप ग्लासने मिसरच्या अखनातेन राजाला हाच आवाज दिला, आणि या मंडळींना नव्या नाटकांतही काम मिळू लागले.

नातू सांगत होता, आणि मी केव्हाच आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत पोचलो होतो. फड शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचा. विठाबाईंचे गाव ते! पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. मी घरी न सांगता गड्याबरोबर गेलो होतो. लोक सोंगाड्याला हसत होते; मी पाहत होतो मागे तुणतुणे घेऊन उभ्या असलेल्या सुरत्याकडे. भरघोस मिशा, रापलेला चेहरा. शाहिराची ओळ संपली, की हा कानावर हात ठेवून 'जी जी जी' करीत सूर असा वर नेई, की कर्ण्याची गरजच नव्हती. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर तो ऐकू जात असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मी तोच सूर लावला. चांगला लागला होता हो! वडिलांनी एक ठेवून दिली. "बायकी गळा काढतोस?" त्यानंतर मी गायलो नाही. आणि वडील? रोज रात्री बालगंधर्वांच्या रेकॉर्डी ऐकत, डोळे पुसत!

सध्या नातवाचा आवाज फुटतो आहे. तो सीझरची नक्कल करू लागला, तसा आमचा चिरंजीव आतून ओरडला, "पुरे आता ते किंचाळणे!"

मी उठून दार लावून घेतले. नातवाला म्हटले, "कानावर हात ठेव." दोघांनी मिळून 'जी जी' धरले. माझा सूर वाटेतच चिरकला. तो मात्र पोचला.