उंबरठ्याचं देणं

तिरुवैयारू, जि. तंजावर
मार्गळी महिना, डिसेंबर अखेर

प्रिय भाचीबाई,



तुझं पत्र पोचलं. घरूनच काम असल्यामुळे ऑफिस संपत नाही आणि घर सुरू होत नाही, तेव्हा येता-जाता करण्यासारखा एखादा दोन मिनिटांचा विधी सुचव, असं लिहिलंस. ॲपने सांगितलेली मेणबत्ती लावून झाली, दीर्घ श्वास घेऊन झाले, आणि आठवड्यात कंटाळा आला म्हणतेस. येणारच. तो सगळा खटाटोप तुझा तुझ्यासाठीच होता. चुकला तर अडणार कुणाचं?

मोडी कागदांपायी मी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या वाऱ्या करते, हे तुला ठाऊक आहेच. पण उंबरठ्याबद्दल जे काही कळलं ते त्या दफ्तरातलं नाही, गल्लीतलं आहे. मार्गळीत इथं उजाडायच्या आत बायका अंगणात असतात. आधी झाडलोट, मग शेणाचा सडा, मग ओल्या जमिनीवर ठिपके आणि त्यांना वेढे घालत जाणारी एकच अखंड रेघ. हे कोलम. या महिन्यात मधोमध शेणाचा गोळा ठेवून त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. पीठ तांदळाचं. दहा वाजेपर्यंत अर्धं कोलम मुंग्यांनी नेलेलं असतं, उरलेलं सायकलींनी. त्याची कुणाला हळहळ नाही, कारण ते टिकावं म्हणून काढलेलंच नसतं. घरात मृत्यू झाला, श्राद्ध असलं की कोलम नाही. त्यामुळे एखाद्या दारासमोरची जमीन कोरी दिसली की शेजारीण विचारायला येते, आणि याचकही ते दार टाळून पुढे जातो. म्हणजे ती रांगोळी घरातल्यांपेक्षा गल्लीसाठी जास्त. आता दगडाची पूड आली आहे, आणि चिकटवायचं प्लास्टिकचं कोलमही मिळतं. दोन्हींचा मुंग्यांना उपयोग शून्य. मला तर ते प्लास्टिक न भेटताच ठेवून गेलेल्या व्हिजिटिंग कार्डासारखं वाटतं.

जुन्या घरात रस्त्यावरून थेट आत शिरता येत नाही. आधी तिण्णै लागते. आपला ओटाच म्हण, पण छपराखालचा, लाकडी खांबांचा, घोटून गुळगुळीत केलेला. काही तिण्णैंवर तर डोकं टेकायला चुन्याचाच उसा बांधून काढलेला असतो. मग नडै, म्हणजे चिंचोळा बोळ, मग कूडम, म्हणजे माजघर, आणि मधला उघडा चौक, आणि पार मागे कोल्लै, म्हणजे परसू. वाटसरूनं तिण्णैवर पाठ टेकायला परवानगी मागायची नसे. घरचा कर्ताही बाहेरून आला की आधी तिथंच बसे. पाण्याची खबर, भाताचा भाव, कुणाशी झालेली बाचाबाची, सगळं तिथं बोलून मोकळा होई, पाय धुई आणि मग आत जाई. तुझ्या फ्लॅटमध्ये नेमकी हीच जागा नाही. निघतानाही इथले लोक आपल्यासारखंच ‘जाऊन येतो’ म्हणतात, नुसतं ‘जातो’ नाही. ओरत्तनाडूचं, तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातलं मुक्तांबाळ छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, पाहिलं तेव्हा वाटलं, हीच तिण्णै राजाच्या ऐपतीनं बांधलेली: येणाऱ्याला सावली आणि जेवण. आज बहुतेक तिण्णैंना लोखंडी जाळी बसली आहे आणि आत मोटरसायकल उभी असते.

पण हे सारं फार गोड करून सांगणं मला जमणार नाही. तिण्णैवर बसायची मुभा जात पाहून होती. शेतात राबणारा माणूस पुढच्या दारानं येत नसे, त्याचं भात कोल्लैकडून मोजलं जाई. समोरून विधवा आली की निघालेला मागे फिरून पाणी पिऊन पुन्हा निघे. हे आपल्याकडेही चालत होतं, उगाच नाक वर करू नकोस. याच जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, मजुरीत थोडं जास्त भात मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, एका झोपडीत जाळून मारली गेली. दरवर्षी या आठवड्यात तिथं माणसं जमतात. उंबरठ्यावर दिवा लावणाऱ्या प्रदेशाबद्दल लिहिताना मी हे गाळलं, तर तू मला ॲपवाल्यांच्याच पंगतीत बसवशील.

कामाच्या जागेचंही इथं काही देणं लागतं. भरतनाट्यम् शिकणारी मुलगी पहिला पाय आपटण्याआधी वाकून जमिनीला हात लावते, डोळ्यांना लावते, कारण आता ती भूमीला लाथा मारणार असते. तास संपला की पुन्हा तेच. सरफोजींच्या दरबारातल्या चौघा भावांनी या नाचाचा क्रम बसवून दिला. हा नमस्कार त्या क्रमाच्याही आधी येतो आणि नंतरही. कावेरी नदीचंही तसंच. मेट्टूर धरणाची दारं रिवाजाप्रमाणे १२ जूनला उघडायची. ते पाणी कल्लणैच्या बंधाऱ्याला पोचून कालव्यांत सोडलं जातं तेव्हा लोक त्यावर फुलं आणि भाताचं बी टाकतात.

मला सर्वांत पटली ती सरस्वतीपूजा, आपली खंडेनवमी. नांगर, करवत, माग, रिक्षा, शिवणयंत्र, सगळ्यांना धुऊन-पुसून गंध-कुंकू लागतं. वह्या-पुस्तकं पूजेत मांडतात, आणि विजयादशमीला उचलेपर्यंत ती उघडायची नाहीत. उद्या परीक्षा का असेना. हत्याराला विश्रांती द्यायची म्हणून माणसालाही ती मिळते. तू नेमकं उलटं करतेस. स्वतःला विश्रांती द्यायला बघतेस आणि लॅपटॉप उघडाच ठेवतेस.

तेव्हा माझं सुचवणं एवढंच: मेणबत्ती राहू दे. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींना संध्याकाळी एकट्यानं जिना उतरवत नाही, असं तूच मागे लिहिलं होतंस. सात वाजता लॅपटॉप मिटून कपाटात ठेव आणि त्यांना कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत नेऊन आण. ऑफिसात सांगून टाक, सातनंतर मी खाली असते. एखाद्या दिवशी मीटिंग लांबली तर आजी चपला घालून दारात बसलेल्या असतील आणि फोन करून तुला चार शब्द सुनावतील. ते ऐकून घे.

पोंगलनंतर पुन्हा लिहीन. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी