टेलरवरची अँटेना

आम्ही गोंयकार बेळगावला जातो ते खरेदीला, कुंदा आणायला, नाहीतर दवाखान्यात. चोर्ला घाट चढलो की आमच्या भाषेत ‘घाटावर’ पोचलो. माझं मात्र आजोळच निपाणीजवळचं, तंबाखूच्या पट्ट्यातलं. लहानपणी एकदा मामा म्हणाला, “टेलर आणाय चाललोय, येतोस?” मी नवे कपडे शिवायचे म्हणून नाचत निघालो, तर हा ट्रॅक्टरमागची ट्रॉली जोडून घेऊन आला. तिकडे ट्रेलरला टेलर म्हणतात. शिंप्याला काय म्हणतात ते विचारायचं राहून गेलं.

तर हा टेलर वर्षभर शेणखत, ऊस आणि विटा वाहतो आणि मार्गशीर्षात त्याचं घर होतं. बांबूच्या कमानी, वर ताडपत्री, खाली पिंजर आणि त्यावर घोंगडी. मागच्या फळीला स्टोव्ह, पिठाचे डबे, पाण्याचा पिंप. पंधरा-वीस माणसं त्यात बसून सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर निघतात. अमेरिकेत लोक ज्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात तो आमच्याकडे हाच. तिकडच्यात न्हाणीघर असतं, एवढाच फरक.

२००७ च्या डिसेंबरात मी या यात्रेला गेलो. मामाकडे तेव्हा नवं खूळ होतं, वर्ल्डस्पेसचा रेडिओ. ज्यांना हा प्रकार आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मार्च २००० मध्ये ‘एशियास्टार’ नावाचा उपग्रह सोडला होता. विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशाला, म्हणजे सिंगापूरच्या जरा खालच्या बाजूला, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर तो उभा. त्यावरून थेट आपल्या घरात गाणी उतरायची. वर्गणी भरायची, जाहिरातींची कटकट नाही. मराठीसाठी ‘सुरभी’, कन्नडसाठी ‘स्पर्श’, शास्त्रीय संगीतासाठी ‘गांधर्व’ अशा वाहिन्या. ज्याचं सगळं आयुष्य सांगली आणि धारवाड केंद्रांच्या खरखरीत गेलं, त्या मामाला हा आवाज म्हणजे सोवळ्यातला वाटायचा.

मामाने ठरवलं, रेडिओ यात्रेला न्यायचा.

इथे एक अडचण होती. टेलर मामाचा, पण ट्रॅक्टर शेजारच्या अण्णांचा. अण्णा कन्नड बोलणारे. वीस वर्षं दोघं मिळून यात्रेला जात. आदल्या वर्षी गावात फलकाच्या भाषेवरून वाद पेटला आणि या दोघांचं बोलणं बंद झालं. सीमाभागात असली भांडणं १९५६ पासून पिढीजात चालत आली आहेत, त्यात नवल नाही. पण नवस दोघांचाही होता. देवीला काय सांगणार? तेव्हा ट्रॅक्टर आला, टेलर जोडला, आणि दोघं एकमेकांशी बायकांमार्फत बोलू लागले. रेडिओचे सेल भराभर संपत, म्हणून निपाणीतल्या एका दुरुस्तीवाल्याने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालेल अशी जोडणी करून दिली होती. त्यामुळे आकाश मामाचं आणि करंट अण्णांचा अशी वाटणी आपोआप झाली.

अँटेना तळहाताएवढी, चौकोनी, चपटी. लांब वायर. ती घरात खिडकीत ठेवून उपग्रहाच्या दिशेला वळवायची असते. आमच्या भागातून तो दिसतो आग्नेयेला, पण पूर्वेकडे जास्त कललेला, आणि जमिनीपासून साधारण ५० अंश वर. मामाने निपाणीत दिशा पाहून ती डाव्या बाजूच्या कमानीला सुतळीने करकचून बांधली. पडद्यावरच्या सगळ्या रेघा उभ्या राहिल्या, नाट्यगीत सुरू झालं, आम्ही निघालो.

तवंदी घाट लागला आणि खेळ सुरू झाला. घर हलत नाही, टेलर हलतो. एक वळण आलं की गाणं गायब, दुसऱ्या वळणाला परत हजर. पोरांना कामच मिळालं. मराठी पोरं ओरडायची “आलंऽ, गेलंऽ”, अण्णांची नातवंडं ओरडायची “बंतूऽ, होतूऽ”. बंतु म्हणजे आलं, होतु म्हणजे गेलं. मामीच्या कानाला ते ‘हुतं’ वाटायचं. “हुतं हुतं काय करताय, हाय की आजून!” असं ती म्हणाली, तेव्हा ट्रॅक्टरवर पाठमोरे बसलेले अण्णा हसल्याचं मला खांद्यांवरून कळलं.

अमेरिकेत मोटारींसाठी असाच रेडिओ २००१ साली एक्सएमने आणि पुढच्या वर्षी सिरियसने सुरू केला होता. तिथे अँटेनाला खाली लोहचुंबक असतं, टपावर चिकटवली की झालं. ती सरळ आभाळाकडे तोंड करून असते. शिवाय इमारतींच्या आड आवाज तुटू नये म्हणून शहरांत जमिनीवरूनही प्रक्षेपण करतात. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर मामाचे निम्मे कष्ट वाचले असते.

रात्री बेळगावच्या अलीकडे एका शेतात मुक्काम. टेलर थांबलेला, त्यामुळे गाणं अखंड. सुरभी की स्पर्श यावरून बायकांत कुजबुज झाली, तेव्हा मामाने न बोलता गांधर्व लावलं. भीमसेन जोशी. गदगचा माणूस, पुण्यात राहिला, त्यांना कोण कुठल्या राज्यात घालणार! कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावीही तिथून फार लांब नाही. अण्णा चुलीपलीकडे बसून ऐकत होते. जेवण झाल्यावर उठून गेले, पण बॅटरीची तार काही काढली नाही.

सकाळी बेळगाव ओलांडून नेसर्गीच्या रस्त्याला वळलो आणि रेडिओ ठार मुका. साहजिकच होतं. कालचा रस्ता दक्षिणेला होता, आजचा पूर्वेला, आणि डाव्या कमानीवरची अँटेना आता भलतीकडेच पाहत होती. मामा सुतळी सोडून नव्याने दिशा धरत असतानाच मोठा खड्डा आला. अँटेना हातातून सुटली, ताडपत्रीवर उताणी पडली. आणि गाणं लागलं!

रेघा निम्म्याच होत्या. पण टेलर वळला, गाणं चालूच. पुन्हा वळला, चालूच. फक्त चिंचेच्या झाडाखालून जाताना क्षणभर तुटायचं. एका बाजूला रोखून धरली की वळणावर दिशा चुकते, उताणी ठेवली तर आवाजाची ताकद कमी पण कुठूनही तेवढीच. मामा ती पुन्हा बांधायला गेला, तर अण्णांनी ट्रॅक्टर थांबवला. मागे वळून, वर्षभरात पहिल्यांदा, थेट मामाला म्हणाले, “बिडो माराया, राहू दे तशीच.”

मामाने तशीच राहू दिली. यरगट्टीपर्यंत अर्धा तास सुरभी, अर्धा तास स्पर्श. डोंगर दिसल्यावर रेडिओ बंद केला, चौंडकं सुरू झालं, आणि मग कुणाचंच कुणाला ऐकू येईना.

वर्ल्डस्पेसने ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतातलं प्रक्षेपण बंद झालं ते ३१ डिसेंबर २००९ ला. त्या रात्री पौष पौर्णिमा होती आणि मध्यरात्रीनंतर खंडग्रास चंद्रग्रहण. दुसऱ्या दिवशी मामाचा पणजीला फोन आला. अंगणात खाट टाकून बसला होता म्हणाला, अँटेना पोत्यावर उताणी. अण्णाही आले होते, त्यांच्या घरातून घोंगडं घेऊन.

“गाणं अर्ध्यावरच गेलं,” मामा म्हणाला. “आमी लई येळ बसलो, परत येतंय का बघत. वर गिराण लागलेलं. मग अण्णा उठला, म्हनला, होतु.”