तेल येते कुठून, जाते कुठे?

पाटाचे पाणी कोणत्या बाजूला वाहते हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. उतार दिसतो, पाणी दिसते. बंद नळीतून काय वाहते आणि कोणत्या दिशेने, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिथे माणूस अंदाज बांधतो. असाच एक अंदाज आमच्या घराला केवढ्याला पडला असता, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

सन २०१६ चा उन्हाळा तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मराठवाड्यात लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. शेतात पीक नव्हते, पण ओढे-नाले खोल व रुंद करण्याची कामे गावोगाव चालू होती. आदल्या वर्षी आम्ही दोघा भावांनी मिळून माती उकरायचे एक जुने यंत्र घेतले होते. पुढे माती भरायची मोठी बकेट आणि मागे खोदायचा हात. कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे त्याला सगळे जेसीबीच म्हणतात. बँकेचे कर्ज काढले होते आणि घरच्या चार एकरांवर त्याचा बोजा होता. त्या वर्षी घरातली चूल त्या यंत्रावरच पेटत होती म्हणा ना. चालवायला माझा पुतण्या होता.

एका दुपारी तो नाल्यावरून घरी आला तो कपाळाला आठ्या घालूनच. म्हणाला, "काका, गिअर बॉक्सच्या तेलाचा काटा लालपर्यंत जातोय. मशीन ओढ घेईना."

आता हे तेल तापते कशाने, ते थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरला इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट असते. या यंत्रात तिच्या जागी तेलाने भरलेला एक बंद डबा असतो. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यात समोरासमोर दोन पंखे असतात असे समजा. इंजिन एक पंखा फिरवते, तो तेल फेकतो, आणि त्या तेलाच्या माऱ्याने दुसरा फिरतो. अॅटोमॅटिक गिअरच्या पुष्कळ मोटारींतही हेच असते. मागच्या हाताने खोदताना गिअर न्यूट्रलला असतो, तेव्हा तेल फारसे तापत नाही. पण पुढच्या बकेटने माती लोटताना चाके जागच्या जागी अडतात, इंजिन मात्र जोर लावतच असते. तो सगळा जोर तेलात घुसळला जातो आणि त्याची उष्णता होते. म्हणून हे तेल एका नळीने बाहेर काढून रेडिएटरजवळच्या कूलरच्या जाळीतून फिरवतात, आणि थंड करून दुसऱ्या नळीने परत आत सोडतात.

आम्ही आधी ती जाळी बघितली. धूळ आणि पाचोळ्याने ती पार बुजलेली होती. हवा मारून साफ केली. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग जुन्या कूलरच्या जोडीला आणखी एक छोटा कूलर आणि एक फिल्टर बसवायचे ठरले. बाजारच्या गावाहून एक मिस्त्री आणला.

संध्याकाळ होत आली होती. मिस्त्रीला घरी जायची घाई, आणि आम्हाला सकाळी काम चालू करायची. फिल्टरवर बाण कोरलेला होता. मी विचारले, "मिस्त्री, ह्याचं तोंड कुणीकडं ठेवायचं?"

"आवो दादा, वरच्या नळीनं गरम येतं, खालच्या नळीनं गार होऊन जातं. हे बी कुणी इचारायचं का?" असे म्हणून त्याने खालची नळी कापली, नवा कूलर आणि फिल्टर तिच्यात जोडले आणि बाण गिअर बॉक्सकडे ठेवला.

त्याचे बोलणे अगदीच निराधार नव्हते. इंजिनच्या पाण्याच्या रेडिएटरला साधारणपणे तसेच असते. गरम पाणी वरून येते आणि गार होऊन खालून जाते. पण तेलाच्या कूलरचे तसे नाही. तिथे पंप तेल ढकलतो. कंपनीने जशी नळी जोडली असेल, तसे तेल जाते; वरून येईल, नाहीतर खालून.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने काम सुरू केले आणि अर्ध्या तासात काटा कालच्यापेक्षाही वर चढला. पोराने शहाणपणा केला. ‘एवढी फेरी होऊ दे’ असे न म्हणता तिथल्या तिथे यंत्र थांबवले. चालवत राहिला असता तर गिअर बॉक्स उघडावा लागला असता, आणि तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता.

त्या रात्री घरात कुणाला जेवण गेले नाही. मी पुन्हा मिस्त्रीला निरोप धाडायला निघालो, तेव्हा आमच्या घरातून म्हणाल्या, "अहो, ऊन पाणी कुठल्या नळातून येतंय, ते हात लावल्यावर कळतंय की. त्यात दुसऱ्याला काय विचारायचं?"

मुद्दा बरोबर होता. सकाळी यंत्र गार असताना आम्ही ते सपाट जागेवर घेतले. बकेट जमिनीला टेकवली, गिअर न्यूट्रलला ठेवला, हातब्रेक ओढला. पंखा आणि पट्ट्यापासून लांब, गिअर बॉक्सच्या बाजूला, दोन्ही नळ्यांना एकेक हात लावून मी उभा राहिलो. गमछा आधीच काढून ठेवला होता. पुतण्याने इंजिन चालू केले. काही मिनिटांत एक नळी कोमट झाली, मग उबदार. दुसरी अजून गारच होती. आधी तापली ती खालची!

म्हणजे तेल खालून येत होते आणि वरून परत जात होते. फिल्टर उलटा बसला होता. त्याच्या आतली झडप एकाच बाजूने उघडणारी; उलट्या दाबाने ती जवळजवळ बंद झाली आणि तेलाची वाट आखडली.

तरी खात्री म्हणून इंजिन बंद करून वरची नळी कूलरच्या बाजूने सोडली. कूलरच्या त्या तोंडाला एक जुनी नळी लावून तिचे टोक डब्यात धरले. पुतण्याने दोन-तीन सेकंदच इंजिन फिरवून बंद केले. डब्यात तेलाची धार पडली. शंका मिटली. ही दुसरी परीक्षा करायची तर तेल गार असतानाच करा. किल्लीवर माणूस बसवा आणि दोन-तीन सेकंदांच्या वर इंजिन चालू ठेवू नका. गरम तेलाने कातडी सोलून निघते, आणि तेलाविना गिअर बॉक्स खराब होतो.

मग खालची नळी होती तशी जोडली. नवा कूलर आणि फिल्टर वरच्या, म्हणजे परतीच्या नळीत घातले. आधी जुना कूलर, मग नवा, मग फिल्टर, मग गिअर बॉक्स. फिल्टरही नवाच घातला, कारण उलट्या दाबाने आतला कागद फाटला असेल तर तुकडे आत जायचे. तेलाला जळका वास येत होता, म्हणून तेही बदलले. नळी पाण्याची नव्हे, तेलासाठी असते तीच घेतली. शेवटी इंजिन चालवून कुठे गळते का ते बघितले आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तेलाची पातळी मोजून कमी पडले ते भरले. त्या दुपारच्या उन्हातही काटा हिरव्यातून हलला नाही.

नुसता साधा कूलर उलटसुलट जोडला तरी बहुधा चालून जाते. फक्त आत हवा अडकू नये म्हणून तेल खालच्या तोंडाने आत आणि वरच्या तोंडाने बाहेर असे ठेवावे. पण जिथे बाण आहे, जिथे झडप आहे, तिथे दिशा चुकवून भागत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घ्या, नाहीतर ठिबकचा फिल्टर घ्या. दोन्हींवर बाण असतो, आणि घाईत आपण तो बघत नाही.

मिस्त्रीला मी दोष देत नाही. विचारले होते मी, पण उत्तर मिळाल्यावर पारखले नाही, ही चूक माझी. यंत्र समोर उभे होते. त्यालाच हात लावून विचारले असते तर तिथेच कळले असते.

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग घरात होता. पुतण्याने त्याच दिवशी दोन्ही नळ्यांवर मोठे बाण काढले, एक येणारा आणि एक जाणारा. रंग उडाला की तो अजूनही नव्याने काढतो. तुमच्याही यंत्राची दिशा एकदा हाताने पारखून घ्या आणि असा बाण काढून ठेवा.