सतरा वेळा ओमाहा

मुलांनो, क्रिकेटमधले गुरू तुम्हांला ठाऊक असतातच. आज बेसबॉलच्या एका गुरूंची ओळख करून देते. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा अमेरिकेतला चुलतभाऊच म्हणा ना! नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ. चेंडू टप्पा न पडता थेट बॅटकडे येतो. आणि धाव हवी असेल, तर तीन थांबे ओलांडून पुन्हा मूळ जागी यावं लागतं.

या गुरूंचे नाव माइक मार्टिन. त्यांचा जन्म १९४४ सालचा. तरुणपणी ते फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघातून खेळले आणि १९८० साली त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ते थेट २०१९ पर्यंत! म्हणजे सलग चाळीस हंगाम.

आता गंमत पाहा. कॉलेजचा संघ तीन-चार वर्षांत पार बदलून जातो. तयार झालेली मुले निघून जातात, नवी येतात, की पुन्हा श्रीगणेशा. आम्हां शिक्षकांना दर जूनमध्ये हेच तर करावं लागतं! तरीही मार्टिन यांच्या संघाने एकाही हंगामात चाळीसपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. एकूण विजय २०२९! ते निवृत्त झाले, तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये एवढे विजय दुसऱ्या कुणाही प्रशिक्षकाच्या नावावर नव्हते.

पण गोष्ट इथे संपत नाही. दर वर्षी जूनमध्ये देशातले उत्तम आठ संघ ओमाहा शहरात जमतात. तिथे जिंकेल तो कॉलेजांचा राष्ट्रीय विजेता. मार्टिन आपला संघ घेऊन तिथे किती वेळा गेले? सतरा वेळा! १९८६ आणि १९९९ साली तर संघ अगदी शेवटच्या सामन्यात हरला. आणि विजेतेपद? एकदाही नाही.

हे मी चौथीच्या वर्गात सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग ते पास की नापास?"

मी म्हटलं, "तुम्हीच तपासा पेपर."

बराच वेळ कुणी बोलेना. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, पण ते सतरा वेळा परत गेले ना!"

पालकहो, निकालाच्या दिवशी आपण फक्त पहिला नंबर शोधतो. हरल्याचं वाईट वाटतंच. मार्टिन यांनाही वाटलं असेल. पण पुढच्या हंगामात नवी मुले मैदानावर आली, की सरही हजर!

१ फेब्रुवारी २०२४ रोजी मार्टिन वारले. त्याच वर्षी जूनमध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ पुन्हा ओमाहाला पोचला. त्यांचे प्रशिक्षक होते लिंक जॅरेट. कोण हे जॅरेट? मार्टिन सरांच्याच हाताखाली खेळलेला एक विद्यार्थी!

आता सांगा बरं, तुम्ही किती गुण द्याल?