वाघोबा आरोपी नाही

'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' (१९०१-०२). डार्टमूरच्या माळावर शापाचा कुत्रा आणि त्या दंतकथेआडून इस्टेटीसाठी खून करणारा माणूस. होम्सने कुत्र्याला गोळ्या घातल्या की शापही संपतो. जुन्नर-आंबेगावात हा शेवट बसत नाही. इथे बिबट्या खरोखरच उसात पिल्ले घालतो, त्याच्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, आणि वाघबारसेला डोंगरातले महादेव कोळी वाघोबाला नैवेद्य दाखवतात. ज्याची भीती, त्यालाच गुराढोरांची राखण सांगायची. ही श्रद्धा कुठल्या तपासाने खोटी पडणार? म्हणून माझ्या कथांना एकच अट: वाघाच्या नावावर खून खपवणारा सापडलाच पाहिजे, वाघोबा मात्र जागचा हलता कामा नये.

*

विलायती साचा आपल्याकडे जुनाच. गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सवरून कादंबऱ्या रचल्या आणि त्यांना अस्सल देशी करून टाकले. पुढे बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार घराघरांत शिरला. दोघांचेही ऋण मोठे आहे. पण मला मुंबईच्या रस्त्यांपेक्षा घाटमाथ्याचा गुन्हा हवा आहे.

*

तो गुन्हा तिथल्याच इतिहासात आहे. आंबेगावातल्या जांभोरीचे होनाजी केंगले १८७३ पासून सावकारांवर तुटून पडले. सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी सरकारी गॅझेटियरात आहेत. १८७५ मध्ये सुप्याला दंगा पेटला, कर्जखतांची होळी झाली. १८७६ मध्ये होनाजी पकडले गेले.

कथा अशी. घोडेगावकडे एका सावकाराचा वाडा लुटला जातो. गाव म्हणते, होनाजीच. फौजदारालाही तेच सोयीचे. पण दप्तरातले एकच खत जळाले आहे. कुळांसाठी पेटलेला माणूस एका खतावर का थांबेल?

*

तपासाला पोलीस नको. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कुळांची खते निबंधकासमोर लिहिणे भाग पडले. त्या कचेरीतला कारकून घ्यावा. गुन्हा १८७५ चा, उलगडा पाच वर्षांनी. जळालेल्या खताची म्हणून सावकार एक नक्कल घेऊन येतो.

कारकुनाची नजर मोडीत मुरलेली. मोडीत आधी रेघ ओढायची, मग होता होईतो बोरू न उचलता लिहीत जायचे. शाई सरत आली की अक्षर फिके, बोरू बुडवला की पुन्हा काळे. सराईत हात शब्द पुरा करून बोरू बुडवतो. बघून बघून उतरवणारा शब्दाच्या मध्येच थांबतो. नकलेत साक्षीदाराची सही अशी तीनदा फिकी-काळी झालेली. सिगारच्या राखेवरून माणूस ओळखणाऱ्या होम्सपेक्षा हा कारकून मला जवळचा वाटतो. त्याची विद्या पोटापाण्याची आहे.

मूळ खताच्या पाठीवर फेडीचे हप्ते नोंदलेले होते. म्हणून तेवढेच जाळले. वाडा सावकारानेच लुटवला.

*

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली काही नावे. कर्नल साइक्सने हे लेख अभ्यासकांपुढे आणले, ब्यूलरचे वाचन १८८३ मध्ये छापले गेले. झिजलेल्या ब्राह्मीतून नागनिका राणी, तिचे यज्ञ, दान दिलेल्या गाई आणि कार्षापणे असे एकेक हाती लागत गेले. व्हिक्टोरियन काळातला याहून सुंदर तपास मला माहीत नाही. तिथे खून रचायला हात धजत नाही. कारकुनाला मात्र एकदा तिथे न्यायचे आहे: अक्षर वाचणाऱ्याला त्याची थोरली भावंडे भेटावीत.

*

कॉलिन्सच्या 'मूनस्टोन'मध्ये (१८६८) देवाचा हिरा विलायतेला जातो. भीमाशंकरी उलटे: वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी दिलेली पोर्तुगीज घंटा शंकराच्या दारात आहे. वसईचा एखादा ख्रिस्ती म्हातारा तिच्याखाली येऊन उभा राहिला तर? यात चोरी नको. त्याला काय शोधायचे आहे, एवढेच रहस्य पुरे.

*

आधी सावकाराची कथा लिहायची. शेवट असा: कुळाची जमीन सुटते. होनाजींवरचे बाकीचे गुन्हे तसेच राहतात, यादीतला हा एक कारकून खोडायला लावतो. फौजदार विचारतो, "एकाने काय फरक पडणार?" कारकून खोडलेल्या ओळीसमोर त्याची सही मागतो.