तिसरी पाळी

शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या ओळीपुढे आम्ही 'गिरणी कामगार' लिहायचो आणि 'आईचा व्यवसाय' पुढे 'गृहिणी'. बाईंनी फळ्यावर तसंच लिहून दिलं होतं, आम्ही उतरवून घेतलं.

लालबागची आमची चाळ. दहा बाय बाराच्या खोल्या, मधून गॅलरी. सकाळची भांडी पालथी पडली की निम्म्या खोल्यांत जमिनीवर काही ना काही मांडलं जायचं. कुठे शर्टांचे ढीग आणि काज-बटण, कुठे रद्दीच्या पिशव्या, कोपऱ्यावरच्या खोलीत काळे मणी ओवणं. तळमजल्यावरच्या मावशींकडे खाणावळ. बायकामुलं गावी ठेवून आलेले कोकणातले, घाटावरचे गडी त्यांच्याकडे महिन्याच्या हिशेबावर जेवायचे. पाळ्या बदलतील तशा मावशींच्या चुलीच्या वेळा बदलायच्या. अशा खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तोवर या बायका वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावरच गिरणगाव जेवू घालत होत्या. समोरच्या काकी पापड लाटायच्या. आदल्या दिवशीचे वाळलेले पापड मोजून द्यायचे, नवं पीठ घेऊन यायचं. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन 'लिज्जत' सुरू केलं, ती गोष्ट काकी इतक्या रंगून सांगायच्या की आठवी बाई आपणच असं त्यांना वाटत असावं.

आईचं काम साड्यांना फॉल-बिडिंगचं. दादरच्या एका दुकानातून ती दुपारी गाठोडं आणायची. आधी फॉल बादलीत भिजत घालायचे, कारण तसेच लावले तर पहिल्या धुण्यात आटतात आणि साडीच्या काठाला चुण्या पडतात. गॅलरीतल्या दोरीवर ते रांगेनं वाळायचे. आमच्या घरातल्या कामाची बाहेर दिसणारी खूण तेवढीच. मग इस्त्री, मग खालच्या काठाला पायमशीनवर शिलाई, आणि वरची बाजू हातानं. खरी कसोटी तिथे. सुईनं साडीचा एकच धागा उचलायचा. दुसरा आला की टाका उलट्या बाजूनं दिसतो आणि दुकानदार साडी परत करतो. परत आलेली साडी उसवून पुन्हा करायची, त्याचे पैसे नाहीत. मजुरी नगावर. हातात पडायची ती नोटांपेक्षा चिल्लरच जास्त.

पावसाळ्यात राख्यांचं काम यायचं. त्यात आम्ही भावंडं. स्पंजाची गोल चकती, वर जिलेटीनचा कागद, त्यावर चमकी, मागे दोरा. हिशेब ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांवर. बाराचा पाढा आम्हाला शाळेच्या आधी राख्यांनी शिकवला. चमकी पोळीतही सापडायची. हे आता सांगताना गोड वाटतं. तेव्हा पाठ मोडायची आणि खाली पोरं लगोरी खेळत असायची, हेही लिहायला हवं.

पाहुणे येणार म्हटलं की आई सगळा पसारा खाटेखाली सरकवायची आणि वरून चादर अशी सोडायची की ती जमिनीला टेकावी. कोणी विचारलंच तर "कुठलं काम हो, वेळ जात नाही म्हणून आपलं काहीतरी." वेळ न जाणारी ही बाई पहाटे चारला नळावर उभी असायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगारनेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दादा, म्हणजे आमचे वडील, साचेखात्यात होते. पहिले काही आठवडे सभा, मोर्चे, गॅलरीत चर्चा. मग गावी जाणारे गावी गेले आणि उरलेल्यांबद्दल लोक म्हणू लागले, "घरी बसलाय." पुरुषाला हे म्हणणं म्हणजे शिवीच. बाईबद्दल मात्र कुणी "घरी बसली" म्हणत नसे. ती "घरीच असते". एवढ्याशा खोलीत एकजण घरी बसलेला आणि एकजण घरीच असणारी, असे दोघं समोरासमोर. दादा दिवसभर खिडकीशी. आई मशीन चालवायची तेव्हा ते उठून गॅलरीत जायचे. आवाजाचा त्रास म्हणावा, तर आयुष्य साच्यांच्या खडखडाटात गेलेलं.

आईनं दोनाची चार गाठोडी आणायला सुरुवात केली. एका रात्री मला जाग आली. दाराला कडी, फटीत उजेड जाऊ नये म्हणून खाली पोतं. मशीन बंद होतं. दिव्याखाली दादा मांडी घालून बसले होते, मांडीवर कुणाचा तरी अबोली शालू, आणि ते फॉल टाचत होते. आई शेजारी झोपली होती, अगदी गाढ. सूत कसं धरायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. साच्यावर तुटलेला धागा सांधणारा माणूस तो. सकाळी ते पुन्हा खिडकीशी. आम्ही भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांनाही माहीत होतं. चाळीत कुणी बोललं नाही. पुढच्या खेपेला दुकानदार आईला म्हणाला, "बाई, आता तुमचा हात बसला." ते आईनं घरी येऊन सांगितलं, दादांकडे न बघता.

संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. दादांची गिरणी उघडली, पण त्यांना परत घेतलं नाही. पुढे ते एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले. आई साठीपर्यंत फॉल लावत राहिली. आता ती माझ्याकडे डोंबिवलीला असते.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि माझा मुलगा घरून काम करू लागला. त्याच्या मीटिंगला कुकर लावायचा नाही, मिक्सर नाही, दारावर टकटक नाही. मागे दोरीवर कपडे असायचे म्हणून त्यानं पडद्यावर पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावलं. आईनं ते निरखून पाहिलं. "चादर टाकलीस होय," म्हणाली. मग विचारलं, "नगावर आहे का पगारी?"

"पगारी, आजी."

"आणि परत आलं तर?"

तो हसला. "परत करावं लागतं. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

"मग तेच की," आई म्हणाली आणि लसूण सोलू लागली.

एका रात्री अमेरिकेतल्या लोकांशी त्याचं काम चाललं होतं. एक वाजून गेला होता. खोलीचं दार लावलेलं, फटीतून उजेड. आई पाणी प्यायला उठली, तिथेच थांबली. तो बाहेर आला तेव्हा म्हणाली, "तुझे आजोबाही असंच दार लावून काम करायचे."

"आजोबा? घरून?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"तिसरी पाळी होती त्यांची," ती म्हणाली.