संघ गेला, मैदान राहिले

नातवाच्या कपाटात एक पिवळा सदरा घडी घालून ठेवलेला आहे. 20 मार्च 2022 रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर हैदराबाद एफ.सी.ने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर 3-1 असे नमवून इंडियन सुपर लीग जिंकली. त्या रात्री तो हाच सदरा घालून आमच्या काचीगुड्याच्या गल्लीत नाचला होता. 2025 साली तो संघ दिल्लीला हलविण्यात आला, त्याचे नावही बदलले. "आजोबा, आता तुम्हीच सांगा, मी कोणाच्या बाजूचा?" असे त्याने विचारले आणि मी निरुत्तर झालो.

माझे मन मलाच खात होते. हा संघ आमच्याकडे आला तरी कसा? 2014 साली निघालेला एफ.सी. पुणे सिटी हा संघ 2019 मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. पुण्याचा भाचा तेव्हा फोनवर फार हळहळला होता. मी मात्र थट्टेने म्हणालो होतो, "अरे, पुण्याची लेक सासरी आली असे समज!" दुसऱ्याचे अंगण ओस पडल्याचे दुःख तेव्हा मला कळले नाही.

हैदराबादचा खरा संघ म्हणजे सिटी पोलीस. वडील त्याच्या कथा सांगू लागले की जेवणाची पाने थंड होत. 1950 ते 1954 अशी सलग 5 वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक या संघाने जिंकला. 1950 साली मोहन बागानला हरवून ड्युरँड चषकही आणला. खेळाडू येथलेच, पोलिसांत नोकरी आणि सायंकाळी फत्तेह मैदान. त्यांना घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे व्यवसायाने शिक्षक. काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्येही त्यांनी काही काळ शिकविले होते. चेंडू फार वेळ पायाशी न घोळवता तत्काळ सोबत्याकडे द्यावा, ही त्यांची शिकवण. अम्मुगुड्याच्या गरीब घरातील तुळशीदास बलराम यांना सरावाला येता यावे म्हणून ते सायकलच्या भाड्यासाठी रोज रुपया देत, अशी आठवण सांगितली जाते. रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. गुणी खेळाडू कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांकडे ओढले जातच होते. पोलीस संघाचे तेज हळूहळू ओसरले. परंतु तो संघ कोणी उचलून परगावी नेला नाही.

इंग्लंडातही विम्बल्डनच्या लोकांवर असाच प्रसंग आला. त्यांचा जुना क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या गावी नेण्यास 2002 साली परवानगी मिळाली. लोक रडत बसले नाहीत. त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा ए.एफ.सी. विम्बल्डन हा क्लब काढला. मोकळ्या मैदानावर जाहीर चाचणी घेऊन खेळाडू निवडले, अगदी खालच्या स्पर्धेपासून प्रारंभ केला आणि 9 हंगामांत 5 वेळा वर चढून 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळविला. 2020 साली ते प्लाऊ लेन या आपल्या जुन्या रस्त्यावर नव्या मैदानात परतले.

हे सारे मी नातवाला सांगितले. म्हटले, "मालकाने नेला तो परवाना. तू ज्या मातीत खेळलास ती कोणाला नेता येत नाही."

त्यानंतर भाच्याला फोन लावला आणि 2019 च्या त्या थट्टेबद्दल क्षमा मागितली. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, माझाही सदरा अजून कपाटातच आहे."

आता रविवारी सकाळी नातू शेजारच्या मुलांना घेऊन मैदानावर जातो. त्यांतील एकाची चप्पल तुटकी, बूट कोणाकडेच नाहीत. परवा निघताना मी त्याच्या हातावर काही पैसे ठेवले. रहीमसाहेबांच्या रुपयाची सर त्यांना नाही. पण प्रारंभ म्हणून ठीक आहे.